दसऱ्याला एकदा, पाडव्याला एकदा



आपल्या कारखान्याच्या संस्थापकांच्या जयंतीला दरवर्षी रक्तदान शिबिर होते आणि त्याची बातमी आपल्या या पत्रिकेत न चुकता येते. फोटो येतो, बाटल्यांचा आकडा येतो, उद्घाटकांचे नाव येते, रक्तदात्यांना वाटलेल्या स्टीलच्या डब्यांचाही उल्लेख असतो. पण शिबिर झाल्यावर पंधरा-वीस दिवसांनी काही रक्तदात्यांना रक्तपेढीकडून निरोप येतो, की आपण एकदा समक्ष येऊन भेटावे. त्या निरोपाविषयी आम्ही आजवर एक ओळ छापलेली नाही. ही आमची चूक आहे. ती कबूल करूनच पुढे लिहितो.

असा निरोप आपल्या एका सभासदाला आठ वर्षांपूर्वी आला होता. नाव देत नाही, घरच्यांनी लिहायला परवानगी दिली ती याच अटीवर. माणूस तालमीतला, पाच एकर ऊस, घरची दोन जनावरे, व्यसन कसले नाही. रक्तपेढीत त्याला सांगितले, की तुमच्या रक्तात 'बी' प्रकारची कावीळ आहे. गडी म्हणाला, "कावीळ? माझे डोळे तर पांढरेफटक आहेत!" डॉक्टरांनी समजावले, की आत्ता काही नाही, पण दर सहा महिन्यांनी येऊन दाखवत जा. दोनदा गेला. मग थोरलीचं लग्न निघालं, मग विहिरीचं काम, मग एका वर्षी तोड लांबली. कागद ट्रंकेत सातबाऱ्याच्या उताऱ्याखाली जाऊन बसला. गेल्या दिवाळीत जेवण जाईना, उजव्या बरगडीखाली जड वाटू लागले, वजन उतरले. सोनोग्राफी केली तर यकृतात नऊ सेंटिमीटरची गाठ. शहरातल्या डॉक्टरांनी जुना कागद पाहून एवढेच विचारले, "मधली वर्षं कुठं होता?" पाडव्याला गुढी उभारायला तो नव्हता. वय एकोणपन्नास.

ही आठ वर्षे तो आपल्यातच होता. ऊस घालत होता, सभेला येत होता, आणि त्यातली दोन वर्षे तर शिबिराच्या तयारीतही होता. त्याला कोणी आठवण केली नाही. आम्हीही नाही.

तेव्हा हा काय प्रकार आहे ते आधी नीट समजून घेऊ. आपल्याकडे कावीळ म्हटली की सगळी एकच. पण पावसाळ्यात गढूळ पाण्याने गावात साथ येते ती कावीळ 'ए' किंवा 'ई' विषाणूची. डोळे पिवळे होतात आणि बहुतेक लोक महिना-दोन महिन्यांत बरे होतात. 'बी'चा विषाणू पाण्यातून येत नाही. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला येतो. अंगात आला की पुष्कळदा काहीच दाखवत नाही, म्हणून तर आपल्याकडे काही लोक त्याला 'पांढरी कावीळ' म्हणतात. मोठ्या माणसाला लागण झाली तर शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक लोकांचे शरीर त्याला सहा महिन्यांत हुसकून लावते. पण जन्मताना किंवा तान्हेपणी शिरला तर शंभरातल्या नव्वद जणांत तो कायमचा घर करतो. सहा महिन्यांवर रक्तात राहिला म्हणजे तो मुरला असे समजायचे. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ सालचा अंदाज असा, की जगात २५ कोटी ४० लाख लोकांत हा मुरलेला 'बी' आहे आणि त्यातले सुमारे २ कोटी ९८ लाख आपल्या देशात आहेत. यातल्या बहुसंख्यांना आपल्या अंगात काय आहे याचा पत्ता नाही.

ऊसवाल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. रोगट बेणे लावले तर गवताळ वाढ पिकाबरोबरच वर येते, पुढे औषध मारून ती जात नाही. म्हणून तर आपण बेणेमळा वेगळा राखतो आणि बेण्याला प्रक्रिया करतो. आणि हुमणी आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. वरून बेट हिरवेगार दिसते, खाली मुळ्या कुरतडलेल्या असतात, आणि एके दिवशी हात लावावा तर अख्खे बेट हातात येते. यकृताचेही तसेच. त्याच्या आत दुखणे कळवणारी शीर नाही. अर्धेअधिक बिघडले तरी उरलेले काम ओढत राहते. (मटणाच्या दुकानात आपण 'कलेजी' म्हणून मागतो तेच हे यकृत. इतके सोशिक इंद्रिय दुसरे नाही, आणि त्याचा सोशिकपणाच आपल्याला नडतो.)

'बी' आणि यकृताचा कॅन्सर यांचे नाते काही कोणाच्या तर्काचे नाही, मोजलेले आहे. तैवान बेटावर, जिथे एकेकाळी आपल्यासारखाच उसाचा मोठा कारभार होता, डॉ. बीस्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ पासून २२,७०७ पुरुषांचे रक्त तपासून त्यांच्यावर लक्ष ठेवले. १९८१ साली निष्कर्ष छापला. तोवर त्यांच्यातले ४१ जण यकृताच्या कॅन्सरने गेले होते, आणि त्या ४१ पैकी ४० जणांच्या रक्तात आधीपासून 'बी' होता. 'बी' असणारांची संख्या एकूण पुरुषांत सहावा हिस्सादेखील नव्हती. आकड्यांना आम्ही सहसा भुलत नाही, वार्षिक अहवाल वाचून वाचून तेवढे शहाणपण आले आहे. पण हा आकडा वाचून मात्र आम्ही थांबलो.

दारूने किंवा इतर कारणांनी यकृत खराब होते तेव्हा ते आधी आकसते, कडक होते, त्याला सिरोसिस म्हणतात, आणि कॅन्सर सहसा त्याच्यामागून येतो. 'बी'चा विषाणू मात्र पेशीच्या मुळाशी, तिच्या गुणसूत्रांत शिरून बसतो. म्हणून सिरोसिस नसतानाही त्यातून गाठ होऊ शकते. 'माझं लिव्हर चांगलं आहे असं डॉक्टर म्हणाले' एवढ्यावर या माणसाने निर्धास्त राहून चालत नाही ते यासाठी.

मग करायचे काय? दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी. मुख्य गोष्ट इतकीच आहे. जोडीला एएफपी नावाची रक्ताची तपासणी करतात, पण एकट्या तिच्यावर विसंबू नये, गाठ असूनही ती साधी येऊ शकते. सोनोग्राफीत काही वेगळे दिसले तर पुढे सीटी स्कॅन किंवा एमआरआय. सहाच महिने का, तर ही गाठ दुप्पट व्हायला साधारण काही महिने घेते. दोन सेंटिमीटरची असताना सापडली तर कापून काढता येते, सुई घालून उष्णतेने जाळता येते, काहींच्या बाबतीत यकृत बदलता येते. नऊ सेंटिमीटरची झाल्यावर डॉक्टरांच्या हातात फार थोडे उरते. चीनमध्ये शांघायला १९९३ पासून हे करून पाहिले. 'बी' असलेले किंवा यकृताचा जुना आजार असलेले १८,८१६ लोक घेतले, निम्म्यांना दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी, निम्मे नेहमीसारखे. पुढे यकृताच्या कॅन्सरचे मृत्यू मोजले, तर तपासणीवाल्यांत ३२ आणि दुसऱ्यांत ५४. आणि गंमत अशी, की तपासणीवाल्यांनीसुद्धा सगळ्या तारखा पाळल्या नव्हत्या, शंभरातल्या अठ्ठावन्नच तपासण्या झाल्या. म्हणजे तारखा चुकवण्यात आपणच पुढे आहोत असे नाही.

ही सोनोग्राफी कोणी करायची? 'बी' असून सिरोसिस झाला आहे त्याने वय कितीही असो. ज्याच्या घरात, भावाबहिणीत, आईबापांत कोणाला यकृताचा कॅन्सर झाला आहे त्याने. आणि बाकीच्यांपैकी चाळिशी ओलांडलेल्या पुरुषाने, पन्नाशी ओलांडलेल्या बाईने. त्याहून लहान असतील त्यांनीही रक्ताच्या तपासण्या डॉक्टर सांगतील तशा करत राहायच्या. पुरुष मंडळींत सोनोग्राफी म्हणजे बायकांची तपासणी असा एक समज आहे आणि तिथल्या बाकावर बसायला त्यांना लाज वाटते. आता याला काय म्हणावे!

तारीख लक्षात राहत नाही, ही तक्रार मात्र खरी आहे. सहा महिने हा हिशेब आपल्या डोक्यात बसत नाही. आपला हिशेब लावणीचा, तोडणीचा, हप्त्याचा आणि सणाचा. म्हणून आम्ही सुचवतो, दसरा आणि पाडवा. दोन्हींत सहा महिन्यांच्या आसपासच अंतर पडते. दसऱ्याच्या सुमारास बॉयलर पेटतो आणि पाडव्याच्या सुमारास हंगाम सरत आलेला असतो, दोन्ही वेळा कोणी विसरत नाही. आणि बॉयलरचीच गोष्ट घ्या. तो गळत नसतो, फुटलेला नसतो, तरी दरवर्षी बॉयलर इन्स्पेक्टर येऊन तो उघडून पाहतो, तेव्हाच दाखला मिळतो. त्या वेळी संचालक मंडळात कोणी म्हणत नाही, की चांगला चाललाय की, कशाला उघडता?

आता औषधाविषयी. टेनोफोव्हिर आणि एन्टेकाव्हिर या गोळ्यांनी विषाणू दबून राहतो, यकृताचे बिघडणे थांबते, कॅन्सरचा धोका पुष्कळ कमी होतो. विषाणू मुळासकट मात्र बहुतेकांच्या अंगातून जात नाही, म्हणून गोळी वर्षानुवर्षे घ्यावी लागते आणि ती चालू असतानाही ज्याला सोनोग्राफी सांगितली आहे त्याने ती सोडायची नाही. आपल्या मनाने गोळी बंद केली तर विषाणू उसळून यकृत एकाएकी ढासळू शकते, माणूस त्यात दगावूही शकतो. गोळी कोणाला द्यायची याचे नियम पूर्वी कडक होते. मार्च २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते पुष्कळ सैल केले. तेव्हा ज्यांना पाच-सात वर्षांपूर्वी 'तुम्हाला गोळीची गरज नाही' असे सांगितले होते, त्यांनी आता पुन्हा जाऊन विचारावे. केंद्र सरकारने २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला आणि त्यात 'बी'ची तपासणी व औषध मोफत आहे. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. मोफत म्हटले की आपल्या लोकांना शंका येते, पण गोळी तीच आहे.

गोळीइतकेच महत्त्वाचे दोन पथ्यांचे. एक बुरशीचे. भुईमुगाच्या शेंगा किंवा मका ओला राहिला की त्यावर हिरवट-पिवळी बुरशी येते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष सोडते. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या बांसवाडा आणि पंचमहाल भागात असला मका खाऊन ३९७ लोक आजारी पडले, १०६ दगावले. थोडे थोडे पोटात गेले तर लगेच काही होत नाही, पण यकृतात कॅन्सरचे बी पेरले जाते. शांघायच्याच एका अभ्यासात नुसत्या या विषाने धोका तिपटीच्या वर, नुसत्या 'बी'ने सातपट, आणि दोन्ही एकत्र आले की एकोणसाठपट निघाला. तेव्हा बुरशी लागलेले दाणे निवडून चटणीला आणि चांगले विकायला, ही जी आपल्या घरात चाल आहे ती बंद करा. बुरशीचे दाणे घाण्यालाही घालू नका आणि जनावरालाही नकोत.

दुसरे पथ्य दारूचे. हे लिहिताना आम्हाला थोडे अवघडल्यासारखे होते, कारण आपल्याच मळीवर कोणाचे कारखाने चालतात हे वाचकांना ठाऊक आहे. तरी लिहितो. 'बी' असलेल्या माणसाला थोडी चालते, असे प्रमाण नाही. काविळीची माळ, नाकात पिळायचा पाला, चुन्याच्या पाण्याने हात धुऊन पिवळे पाणी काढून दाखवणे, डाग देणे, याने 'बी' जात नाही. 'ए'ची कावीळ आपणहून बरी होणारच असते, तिचे श्रेय माळेला मिळते, आणि तेवढ्या भरवशावर 'बी'वाला माणूसही तिकडे जाऊन बसतो. आमच्या ओळखीत असे तीन जण आहेत. तिघेही शिकलेले.

लागण टाळण्याचे म्हणाल तर सुई ही पहिली गोष्ट. २००९ सालच्या आरंभी गुजरातेत साबरकांठा जिल्ह्यातल्या मोडासा भागात एकच सिरिंज पुन्हा पुन्हा वापरल्याने 'बी'ची साथ आली आणि कितीतरी माणसे गेली. इंजेक्शनची सुई समोर पाकीट फोडून घेतली पाहिजे, यात डॉक्टरांचा अपमान नाही. न्हाव्याला नवीन पाते लावायला सांगा. जत्रेत एकाच सुईने दहा जणांना गोंदतात, तिथे पोरांना जाऊ देऊ नका. पण एका ताटात जेवल्याने, एका तांब्याने पाणी प्यायल्याने, शेजारी बसल्याने, पोराला कडेवर घेतल्याने 'बी' लागत नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण त्या सभासदाच्या भावाचेही रक्त तपासले तेव्हा त्यातही 'बी' निघाला (आई म्हातारी आहे, तिच्याही रक्तात आहे, म्हणजे दोघांना जन्मातच आला असणार) आणि चार दिवसांत त्याची ताटवाटी वेगळी झाली. पोरीचे जमत आलेले लग्न पाव्हण्यांनी लांबवले. पोरीचे रक्त स्वच्छ आहे, तिला लसही टोचली आहे, तरीही! ज्या गावात कागद दाखवला की ताट वेगळे होते त्या गावात कागद ट्रंकेतच राहणार, त्याचा दोष एकट्या त्या माणसाला कसा द्यायचा?

लस हा या सगळ्यातला सर्वांत सोपा भाग. तैवानने १९८४ च्या जुलैपासून बाळांना 'बी'ची लस द्यायला सुरुवात केली आणि दहा वर्षांच्या आत तिथल्या शाळकरी मुलांतला यकृताचा कॅन्सर जवळजवळ निम्म्यावर आला. आपल्या देशात ही लस २००२ मध्ये काही भागांत सुरू झाली आणि २०११ पर्यंत सर्वत्र पोचली. म्हणजे त्याआधी जन्मलेल्या बहुतेकांना, आपल्या सगळ्यांना, ती मिळालेली नाही. मोठ्या माणसाला तीन टोचण्या पुरतात, आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी, पण आधी रक्त तपासावे. ज्याच्या रक्तात 'बी' आहे त्याच्या बायकोने किंवा नवऱ्याने आणि मुलांनी तर तपासणी आणि लस टाळूच नये. बाळाची पहिली टोचणी जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत व्हावी लागते. आईच्या रक्तात 'बी' असेल तर बाळाला तयार प्रतिकारद्रव्याचे आणखी एक इंजेक्शन देतात, आणि विषाणू फार असेल तर आईला गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत गोळी. एवढे वेळेवर झाले तर बाळ बहुतांशी सुटते.

आता हे चोवीस तास कोणाचे चुकतात? दवाखान्यात बाळंत होणाऱ्या आपल्या सुनांचे सहसा नाही. चुकतात ते कारखान्याच्या तळावर, कोपीत किंवा फडातच बाळंत होणाऱ्या तोडणीवाल्या बायकांच्या बाळांचे. तिचे कार्ड तिच्या गावी, नाव तिकडच्या आशाताईंच्या वहीत, आणि ती सहा महिने इकडे. काही सभासद म्हणतील, ते आपले सभासद नाहीत. नाहीत खरे. पण त्यांच्या कोयत्याशिवाय आपल्या एकाही सभासदाचा ऊस गव्हाणीत पडत नाही, आणि ते बाळ आपल्या शिवारात जन्मते.

म्हणून येत्या वार्षिक सभेपुढे आम्ही तीन गोष्टी मांडणार आहोत. पहिली, सभासद कल्याण निधीतून दसरा आणि पाडवा या दोन वेळी सोनोग्राफीची सोय तालुक्याच्या ठिकाणी ठरवून द्यावी. ऊसबिलातून कपात करून नव्हे, त्या रकान्यांत आता जागा उरलेली नाही. दुसरी, ज्या सभासदाची इच्छा असेल त्याने आपले नाव फक्त कारखान्याच्या डॉक्टरांकडे द्यावे आणि त्याला तारखेची चिठ्ठी बंद पाकिटातून जावी. गट ऑफिसच्या फळ्यावर नाही, चीटबॉयच्या हाती उघडी नाही, आणि ही यादी संचालकांनीही मागू नये. तिसरी, हंगाम सुरू होताच तळावरच्या गरोदर बायकांची नोंद मुकादमांकडून घेऊन आरोग्य उपकेंद्राला द्यावी, आणि रात्री-अपरात्री बाळंतपणाला कारखान्याची जीप मिळावी. डिझेलचा खर्च किती, असा प्रश्न सभेत येईल हे आम्ही धरून चाललो आहोत.

ठरावाला सूचक म्हणून त्या सभासदाचा भाऊ उभा राहणार आहे. त्याची पहिली सोनोग्राफी पाडव्यानंतर आठवड्यात झाली, काही निघाले नाही. गोळी चालू आहे. दुसरीची तारीख त्याने दसऱ्याच्या आदल्या दिवशीची घेतली आहे.